आजारी आहे, हे सांगायचं कसं?

आज पंखा बंद करून रेकॉर्ड करायलोय. परभणीत पंखा बंद करणं म्हणजे काय, हे इकडच्या लोकांना सांगायला नको. म्हणून एपिसोड छोटा. [हसतो]

मागच्या एपिसोडनंतर एकानं विचारलं की, "दादा, आजारी असलो तर लीडला मेसेज कसा करायचा? मी तीनदा टाइप करतो, तीनदा खोडतो." म्हटलं, यावर बोलायलाच पाहिजे, कारण या परीक्षेत मी स्वतः सपशेल नापास झालोय.

मी पुण्याच्या कंपनीसाठी परभणीतून, घरून काम करतो. तीन वर्षांपूर्वीच्या मे महिन्यात गंगाखेडला मामेभावाचं लग्न होतं. रिलीज जवळ आलं होतं, सुट्टी मिळणार नाही असं मीच ठरवून टाकलं. विचारलंसुद्धा नाही. सकाळी मेसेज टाकला, "ताप आहे, आज जमणार नाही." आणि संध्याकाळी भावानं वरातीचा व्हिडिओ स्टेटसला ठेवला. त्यात पुढं नाचणारा मी, आणि स्टेटस बघणाऱ्यांत आमच्या टीमचा एक जण. कुणी मला काही बोललं नाही. नुसतं सोमवारी मीटिंगमध्ये लीडनं विचारलं, "ताप उतरला का?" आणि सगळे हसले.

खरी गंमत पुढं झाली. सप्टेंबरात मला खरोखरचा डेंग्यू झाला. १०२ ताप, डोळ्यांच्या मागं दुखतंय, उभं राहवत नाही. पण मेसेज टाकायची हिंमत होईना. ह्या वेळी कोण विश्वास ठेवणार? घरीच तर आहोत, बसल्या बसल्या करू, असं म्हणून दोन दिवस गोळी खाऊन लॉगिन करत राहिलो. दुसऱ्या रात्री एक स्क्रिप्ट टेस्ट सर्व्हरवर चालवायची होती, ती मी लाइव्ह सर्व्हरवर चालवली. ग्राहकांच्या ऑर्डरी अडकल्या. ते निस्तरायला आमचा एक सहकारी पहाटे चारपर्यंत जागला. त्याच्या घरी दीड महिन्याचं बाळ होतं. त्यानंतर मी रिपोर्टचा फोटो टाकला. तेव्हा लीड एवढंच म्हणाला, "अरे, हे परवाच सांगायचं ना!"

हे बाबांना सांगितलं, तेव्हा ते कुणावर चिडले असतील? माझ्यावरच. बाबा जिंतूर डेपोला एसटीत कंडक्टर होते. आमच्याकडं तेव्हा फोन नव्हता. बाबा आजारी पडले की रात्रीच चिठ्ठी लिहायचे आणि ती घेऊन मी सायकलवर डेपोत वाहतूक नियंत्रकाकडं जायचो. मजकूर ठरलेला. उद्याची पावणेसहाची ड्युटी होणार नाही, परवा येईन असं वाटतं, ट्रे आणि हिशोब जमा केलाय. एकदा मी विचारलं होतं, "बाबा, ताप किती आहे ते लिहू का?" ते म्हणाले, "त्यांना तुझ्या बापाच्या तापाचं काय करायचंय? त्यांना दुसरा कंडक्टर शोधायचाय." रात्री कळलं तर माणूस मिळतो. सकाळी साडेपाचला कळलं तर गाडी उभी, आणि खेड्यातली पोरं शाळेच्या वाटेवर ताटकळत.

आपण नेमकं उलटं करतो. कधी येणार, काम कुठं राहिलं, हे सांगत नाही आणि पोटाचं मात्र सविस्तर वर्णन करतो. [हसतो] किती वेळा जाऊन आलो ते लीडला कशाला कळायला पाहिजे?

"जगात जर्मनी, देशात परभणी" हे आपण अभिमानानं म्हणतो ना? मग त्या जर्मनीत काय चालतं ते बघितलं. तिथल्या १९९४ च्या कायद्यानुसार नोकरदारानं दोन गोष्टी लगेच कळवायच्या, काम करू शकत नाही आणि अंदाजे किती दिवस. आजार तीन दिवसांहून लांबला तर डॉक्टरचा दाखला. मालकाकडं जी माहिती जाते तिच्यात आजाराचं नाव नसतं. आणि सहा आठवड्यांपर्यंत पूर्ण पगार मालक देतो. म्हणजे जिंतूरची चिठ्ठी आणि जर्मनीचा कायदा, मजकूर जवळपास एकच. पगाराचं सोडा.

आपल्याकडं कायदा काय देतो, तेही माहीत असू द्या. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात वर्षाला ८ दिवसांची पगारी किरकोळ रजा आहे. आजारपणाची अशी वेगळी रजा त्यात नाही, कंपनी 'सिक लीव्ह' देते ती स्वतःच्या नियमानं. म्हणून ऑफर लेटर वाचा बाबांनो, नुसता पगाराचा आकडा बघून सही करू नका. महिना २१,००० पर्यंत पगार असेल आणि ईएसआय कापला जात असेल, तर अटी पूर्ण झाल्यावर आजारपणात वर्षाला ९१ दिवसांपर्यंत ७० टक्के वेतन मिळू शकतं. माझ्या चुलतभावाच्या दुकानात यातलं काहीच नाही. तो आजारी पडला की रोज कापला जातो, म्हणून तो तापातही काउंटरला उभा असतो. त्याला मी मेसेजचे शिष्टाचार काय शिकवणार?

पण ज्याला रजा आहे त्यानं तरी नीट घ्यावी. मी आता असं लिहितो: "तब्येत बरी नाही, आज काम करणार नाही. उद्याचं संध्याकाळी सहापर्यंत सांगतो. कालचं काम अर्धं झालंय, कुठपर्यंत ते तिकिटावर लिहून ठेवलंय. फार अडलं तरच फोन करा." ड्युटी सुरू व्हायच्या आधी पाठवायचं, आणि ग्रुपवर नाही, ज्याला माणूस बदलायचाय त्याला. मग लॅपटॉप बंद. हिरवा ठिपका दिसला की लोक विचारणारच, त्यांची चूक नाही. आणि लग्न असेल तर लग्न आहे म्हणा. मी नंतर विचारून बघितलं, सुट्टी मिळते.

मुली बऱ्याचदा सांगतात, पाळीचं दुखणं पुरुष लीडला कसं सांगायचं? "तब्येत बरी नाही" एवढं पुरतं. पुढं कुणी खोदून विचारलं, तर शिष्टाचार त्यानं मोडलाय, तुम्ही नाही.

आता माझ्याखाली चार जण आहेत. परवा सकाळी त्यातल्या सगळ्यात नव्या पोरानं मेसेज टाकला. खाली फोटो होता, हाताला सलाईन, मागं दवाखान्याची भिंत. मला एकदम कसंतरी झालं. मी लिहिलं, "फोटो कशाला पाठवतोस? झोप." दोन मिनिटं तो टाइप करत होता, खोडत होता. मग आलं, "दादा, उद्या पण नाही जमणार वाटतं." मी त्याचं काम दुसऱ्याला लावून दिलं.

चला, आता पंखा लावतो.