कुंडीतले डाळिंब



झाड मुद्दाम खुजे ठेवणे ही हिंसा नव्हे काय, असे एका भगिनीने विचारले. प्रश्न रास्त आहे. पण आमचे पहिले झाड मेले ते छाटणीने नव्हे. वैशाखात चार दिवस गावी गेलो, पाणी घालायला कुणी नव्हते. उथळ कुंडी एका दिवसात सुकते.

नवशिक्याने डाळिंब घ्यावे. आपल्या सटाणा-मालेगावकडे त्याच्या बागा आहेत, गुटी कलम सहज मिळते. नुसती काळी माती नको, पाणी धरून मुळे कुजतात. जाड वाळू व विटांचे तुकडे मिसळावेत. थंडी सरताना, नवी पालवी फुटण्याआधी, थोडी मुळे आणि त्याच बेताने फांद्या छाटाव्यात. बागाईतदार बहरासाठी पाणी तोडून झाडाला ताण देतात. कुंडीत तसे केल्यास झाडच जाते.

पाने लहान होतात, फळ मात्र तितके होत नाही. म्हणून पहिली दोन वर्षे फुले खुडावीत, पुढे एखादेच फळ राखावे. फुले खुडताना आमची मुलगी रडली होती.

दुसरे झाड आता उन्हाळ्यात शेजारच्या आजींकडे असते. त्या आमच्याहून वेळेवर पाणी घालतात.