सही करण्यापूर्वी



पस्तीस वर्षे मी विद्यार्थ्यांना सांगत आलो, ‘समजले नाही तर विचारा.’ परंतु माझ्या धाकट्या बंधूस कर्करोग जडला आणि नव्या औषधाच्या चाचणीचे संमतिपत्र पुढे आले, तेव्हा मीच मौन धरिले. त्याने न वाचताच सही केली. ती रुखरुख आजही आहे.

म्हणून आपण विचारावे : चाचणी कितव्या टप्प्याची? पहिल्या टप्प्यात मुख्यत्वे औषधाची सुरक्षितता व मात्राच पाहतात. चाचणीत न गेल्यास अन्य उपचार कोणते? कोणते औषध मिळेल, हे चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे ठरणार काय? अपाय कोणते? खर्च कोणाचा? नीतिसमितीची मान्यता आहे काय?

नव्या औषधांच्या चाचण्यांसाठी २०१९ साली झालेल्या नियमांनुसार, चाचणीमुळे इजा झाल्यास विनामूल्य उपचार व नुकसानभरपाई हा रुग्णाचा हक्क आहे. त्यास केव्हाही माघार घेता येते.

प्रश्न विचारणे म्हणजे डॉक्टरांवर अविश्वास नव्हे. चाचण्यांवाचून नवी औषधे सिद्ध होत नाहीत, हेही खरे. तथापि संमतिपत्राची मराठी प्रत मागून घ्या, घरी सर्वांदेखत मोठ्याने वाचा. मगच सही करा. एवढीच माझी विनंती.