खालून लावलेला कॅमेरा

कॅमेरा खालून लावला की माणूस बलवान दिसतो, हा नियम अर्धाच खरा आहे. १९४१च्या ‘सिटिझन केन’मध्ये नायक केन निवडणूक हरल्यानंतरच्या प्रसंगासाठी दिग्दर्शक ऑर्सन वेल्स आणि छायालेखक ग्रेग टोलंड यांनी सेटची जमीन खोदून कॅमेरा खाली बसवला. पडद्यावर केन धिप्पाड दिसतो, पण डोक्यावरचं छतही दिसतं आणि तो त्याखाली कोंडल्यासारखा वाटतो. कुणी म्हणेल, हा अपवाद. पण दिग्दर्शक यासुजिरो ओझूंच्या १९५३च्या ‘टोकियो स्टोरी’त कॅमेरा सतत खालीच, जवळजवळ चटईपाशी असतो, तरी त्यातलं म्हातारं जोडपं बलाढ्य नव्हे, आपल्याशेजारी बसल्यासारखं भासतं. मग कोनाला अर्थच नाही का? आहे, पण तो अर्थ प्रसंग, अंतर आणि चौकटीतल्या बाकीच्या गोष्टी मिळून ठरवतात. पुढचा चित्रपट पाहताना छताकडेही जरूर लक्ष द्या.