हळदीकुंकू की तिळगूळ मेळावा?

संक्रांत ते रथसप्तमी हे हळदीकुंकवाचे दिवस. काही गटांत आता नावावरून वाद होतो. एकीचं म्हणणं, हळदीकुंकू ही आपली रीत, नाव कशाला बदलायचं? दुसरी म्हणते, हे नाव ऐकलं की नवरा गेलेली बाई घरीच थांबते. खरंच आहे. बचतीचा हप्ता भरायला ती आपल्यासोबत असते, वाण घ्यायला मात्र नसते.

कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड गावाने मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. आपल्या गटालाही ठरवता येईल. पत्रिकेवर ‘तिळगूळ मेळावा, सगळ्या बायांसाठी’ असं लिहा. पण नुसत्या नावाने ती येणार नाही. तिच्या दारी जा, सोबत घेऊन या आणि पहिलं वाण तिच्या हाती द्या.