रोजचीच आहे, त्यात काय?

 

आम्ही सहयोगिनी गावोगावच्या गटांत बसतो तेव्हा दारूचा विषय निघाला की दोन तऱ्हेची उत्तरं येतात. एक असं, "आमच्या घरी नाही बाई तसलं काही." आणि दुसरं असं, "आमचे मालक रोज घेतात, पण त्रास नाही कुणाला. येतात, जेवतात, गप झोपतात." आज आपण या दुसऱ्या उत्तराबद्दल बोलणार आहोत. पिऊन रस्त्यात पडणारा, बायकोला मारणारा माणूस सगळ्या गावाला दिसतो. रोज रात्री घरी येऊन गुपचूप घेणारा कुणाला दिसत नाही. त्याचं व्यसन झालंय हे घराला कळतं तेव्हा पोटात पाणी झालेलं असतं, नाहीतर जमिनीचा तुकडा गहाण पडलेला असतो.

म्हणून पहिली गोष्ट ही की भांडण होतं की नाही, यावरून व्यसन मोजायचं नाही. शांत माणसालाही व्यसन लागतं. कमावत्या माणसालाही लागतं. ऊसतोडीला जाणाऱ्याला लागतं, ट्रक चालवणाऱ्याला लागतं, आणि इस्त्रीचे कपडे घालून ऑफिसला जाणाऱ्यालाही लागतं.

आता "थोडीच तर घेतात" म्हणजे किती, ते बघू. आपल्याकडे क्वार्टर म्हणतात ती १८० मिलीची बाटली. व्हिस्की, रमच्या बाटलीवर ४२.८ टक्के असं छापलेलं असतं. हिशोब केला तर त्या एका क्वार्टरमध्ये साधारण ६० ग्रॅम निव्वळ अल्कोहोल असतं. जागतिक आरोग्य संघटना एका बैठकीत ६० ग्रॅम किंवा जास्त घेण्याला अतिमद्यपान म्हणते, मग ते महिन्यातून एकदा का असेना. आपल्या घरात ते रोज रात्री चाललेलं असतं आणि आपण त्याला "थोडीच" म्हणतो. हातभट्टीचं तर विचारूच नका. तिच्यात काय आहे आणि किती आहे, ते गाळणाऱ्यालाही माहीत नसतं.

पण फक्त मापावरून सगळं कळत नाही. व्यसन ओळखायला डॉक्टर सहा गोष्टी बघतात. त्या आपल्या घरच्या भाषेत सांगतो. ऐकताना मनात बोटं मोजा.

पहिली, ओढ. दिवस मावळायला लागला की माणूस अस्वस्थ होतो. पाहुणे बसलेत, पोराला ताप आहे, तरी त्याचं लक्ष घड्याळाकडे. बोलण्यात चिडचिड. बाटली हातात आली की लगेच निवळतो.

दुसरी, हातचा लगाम सुटणं. "आज नव्वदच घेणार" म्हणून बसतो आणि क्वार्टर संपवून उठतो. "फक्त शनिवारी" असं ठरतं, आणि मंगळवारी काहीतरी कारण निघतंच.

तिसरी, माप वाढणं. दोन वर्षांपूर्वी नव्वदीत डोळे जड व्हायचे, आता क्वार्टरनेही काही होत नाही. गावात याचं कौतुक होतं, "गडी पक्का, चढतच नाही त्याला." मैत्रिणींनो, चढत नाही ही ताकद नाही. शरीर दारूला सरावलं आहे, असा त्याचा अर्थ.

चौथी, सकाळ. हे नीट ऐका. सकाळी चहाचा कप धरताना हात थरथरतो. घाम येतो, मळमळतं, छाती धडधडते, दात घासताना कोरडी उलटी येते. आणि एक घोट घेतला की सगळं थांबतं. रात्रीची दारू सकाळपर्यंत आली, म्हणजे शरीर तिच्यावाचून चालेनासं झालं.

पाचवी, बाकीचं सुटत जाणं. भजनाला जायचे, जात नाहीत. बहिणीच्या घरी मुक्काम करायचे, आता रात्री परत येतात. पोरीच्या शाळेत पालक सभा असली की "तूच जा."

सहावी, त्रास दिसूनही चालू ठेवणं. डॉक्टरांनी सांगितलं लिव्हरला सूज आहे, कावीळ होऊन गेली, गाडीवरून पडून हात मोडला, तरी संध्याकाळ चुकत नाही.

या सहांपैकी तीन किंवा जास्त गोष्टी गेल्या वर्षभरात एकत्र दिसल्या असतील, तर डॉक्टर त्याला व्यसनाचा आजार म्हणतात. आजार, बरं का. वाईट चाल नाही, नशिबाचे भोगही नाहीत. आणि एक-दोनच दिसत असतील तर ती बोलायची सगळ्यात चांगली वेळ. तेव्हा माणूस लवकर सावरतो.

कुणी म्हणेल, मनात आणलं तर सुटते, यांच्या मनातच नाही. तर आपल्यातल्या मिशरी लावणाऱ्या बायांनी सांगावं. सकाळी मिशरी नाही मिळाली तर डोकं ठणकतं, पोट साफ होत नाही, कामात मन लागत नाही. सोडायची म्हणून डबी फेकली आणि दुपारी शेजारणीकडून चिमूटभर मागून आणली, असं होतंच ना? तेव्हा आपल्या मनात नव्हतं का? होतं. पण शरीराने मागणी केली. दारूची मागणी त्याहून कितीतरी जबर असते.

आणखी दोन गोष्टी आम्हाला हमखास सांगतात. एक, "झोपेसाठी घेतो. अंग दुखतं, घेतली की झोप लागते." दारूने डोळा लवकर लागतो, हे खरं. पण मध्यरात्रीनंतर तीच दारू झोप मोडते. म्हणून माणूस तीन-चारला जागा होतो, सकाळी आंबलेल्या अंगाने उठतो, आणि दुसऱ्या रात्री पुन्हा "झोपेसाठी" घेतो.

दुसरी, "श्रावण पाळतात की! महिनाभर शिवत नाहीत, मग व्यसन कसलं?" श्रावण पाळला जातो ही चांगली गोष्ट आहे, पण तो कसा जातो ते बघा. गटारीला किती झाली? पहिल्या दोन-चार दिवसांत हात थरथरले का, झोप उडाली का? महिनाभर दिवस मोजत होते का? आणि श्रावण संपला त्या संध्याकाळी काय झालं? ज्याचा श्रावण सहज जातो आणि नंतरही रोजची गरज वाटत नाही, त्याचा लगाम त्याच्या हातात आहे. जो महिनाभर दात-ओठ खाऊन काढतो आणि मग दुप्पट घेतो, त्याच्या हातात तो राहिलेला नाही.

डॉक्टरांच्या यादीत नसलेली एक खूण आम्ही गटात बसून शिकलो. ती आपल्याच वागण्यात असते. ते यायच्या आत मुलांची जेवणं उरकून त्यांना झोपवता का? पैसे डाळीच्या डब्यात लपवता का? कामावर "तब्येत बरी नाही" असा फोन तुम्ही करता का? माहेरचं माणूस येणार असलं की पोटात गोळा येतो का? घरातला प्रत्येक जण एका माणसाच्या संध्याकाळीभोवती फिरायला लागला, तर तिथे त्रास आहे, आवाज होत नसला तरी.

बचतीच्या वहीतही ते दिसतं. हप्ता दहा तारखेचा वीसवर जातो, मग पुढच्या महिन्यावर. शेळीसाठी काढलेलं कर्ज शेळीविना संपतं. साधा हिशोब करा. समजा क्वार्टर आणि चकणा मिळून रोज १०० रुपये जातात. गटात आपण महिनाभराची बचत म्हणून १०० रुपये टाकतो. तेवढे तिकडे एका रात्रीत जातात. वर्षाचे झाले ३६,५०० रुपये.

मग करायचं काय? आधी काय करायचं नाही ते सांगतो, कारण त्यात जिवाला धोका आहे.

ज्याचा सकाळी हात थरथरतो, ज्याला सकाळी घ्यावी लागते, त्याची दारू घरच्या घरी एकदम बंद करू नका. खोलीत कोंडणं, देवाची शपथ घालून त्याच दिवशी तोडायला लावणं, हे करू नका. माळ घालायला आमची ना नाही. माळेने मनाला बळ मिळतं. पण शरीराला आधी डॉक्टर हवा. अशा माणसाची दारू अचानक तुटली तर पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमारास भास होतात, माणूस बरळतो, भिंतीवर किडे दिसतात म्हणतो, अंगात ताप भरतो. गावात म्हणतात, बाहेरचं झालं. बाहेरचं काही नाही, दारू तुटल्याचा तो झटका असतो आणि त्यात माणूस दगावू शकतो. तेव्हा अंगारा-धुपाऱ्यात वेळ घालवू नका. १०८ ला फोन करा, दवाखान्यात न्या. दारू सोडवायची ती दवाखान्यात, औषधांच्या आधाराने. तिथे हे दिवस सुखरूप निघतात.

दुसरं, "त्यांना न सांगता चहात घाला, दारू सुटेल" अशा पुड्या घेऊ नका. असल्या पुडीत काय आहे ते आपल्याला कळत नाही. दारू सोडवण्यासाठी डायसल्फिराम नावाचं एक औषध असतं. ते अंगात असताना दारू प्यायली तर तोंड लाल होतं, उलट्या होतात, धडधड वाढते, रक्तदाब पडतो, जीवही जाऊ शकतो. म्हणून डॉक्टर ते तपासणी करून, रोग्याला सांगून, त्याच्या संमतीनेच देतात. चोरून द्यायचं ते औषध नव्हे.

आता करायचं ते. बोला, पण रात्री पिऊन आल्यावर नाही. सकाळी, शुद्धीत असताना, पोरं शाळेत गेल्यावर. "तुम्ही दारुडे" म्हणू नका. डोळ्यांनी पाहिलेलं सांगा. "काल चहा सांडला, हात थरथरत होता. मला काळजी वाटते. एकदा डॉक्टरांना दाखवू." पहिल्या वेळी चिडतील. आठ दिवसांनी पुन्हा सांगा. तुमचं ऐकत नसतील तर ज्यांचा शब्द ते मानतात त्या मामांना, थोरल्या दिरांना, माळकरी मित्राला मध्ये घाला.

मग प्राथमिक आरोग्य केंद्रात जा, आशाताईंना सोबत घ्या. जिल्हा रुग्णालयात मनाच्या आजारांचे डॉक्टर असतात. व्यसन हे त्यांचंच काम, "वेड्याचा डॉक्टर" म्हणून लाजू नका. फोनवर विचारायचं तर व्यसनमुक्तीसाठी सरकारची १४४४६ ही मोफत लाइन आहे, आणि मनाच्या कुठल्याही त्रासासाठी टेलिमानसची १४४१६. पुण्यात १९८६ साली डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी मुक्तांगण सुरू केलं. तिथे दाखल करून उपचार होतात. अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस म्हणजे एए, या मंडळींच्या सभा बऱ्याच गावांत, शहरांत होतात. तिथे पूर्वी पिणारी माणसंच एकमेकांना आधार देतात, फी नसते. घरच्यांसाठी अल-ॲनॉन आहे.

सोडल्यावर कधी पुन्हा पाय घसरला तर सगळं फुकट गेलं असं समजू नका. दम्यासारखा, साखरेसारखा हा आजार पुन्हा डोकं काढतो. पुन्हा डॉक्टरांकडे जायचं.

आणि मारहाण होत असेल तर "आधी ते बरे होऊ देत" म्हणून थांबू नका. ११२ किंवा १८१ ला फोन करा. २००५ सालचा घरगुती हिंसाचाराचा कायदा तुमच्यासाठीच आहे. आजार आहे म्हणून मार खायचा, असं कुठेही लिहिलेलं नाही.

एक गोष्ट हळूच सांगतो. घेणाऱ्या बायकाही असतात. विटभट्टीवर, ऊसतोडीच्या फडात, अंगदुखीला म्हणून सुरू होते. पुरुष चारचौघांत पितो, बाई लपून पिते, त्यामुळे ती दवाखान्यात उशिरा पोहोचते. मघाच्या सहा गोष्टी तिलाही तशाच लागू. बाईच्या शरीराला तर दारू कमी मापात जास्त इजा करते. अशी कुणी तुमच्या गटात असेल तर तिला नावं ठेवू नका. तिच्याबरोबर दवाखान्यात जा.

शेवटी, या आठवड्याचं काम. भिंतीवरच्या कॅलेंडरवर सात दिवस खुणा करा. घेतली त्या दिवशी एक टिंब. ठरवल्यापेक्षा जास्त झाली तर दोन. सकाळी हात थरथरला तर फुली. कुणाला दाखवायचं नाही, भांडायचं नाही, फक्त लिहायचं. सात दिवसांनी ते पान बघा. फुली असेल तर सोडा-धरा न करता सरळ डॉक्टर गाठा. नुसती टिंबं असतील तर सकाळच्या चहाला बोलायला बसा. आणि गटात मन मोकळं करायचं असेल तर करा. गटाने मात्र एक नियम पाळावा, तिथलं बोलणं पाणवठ्यावर जाता कामा नये.

बचतीची वही आपण महिन्याला तपासतो. तशी ही एक वही आठवडाभर तपासू या. भेटू पुढच्या बुधवारी, याच वेळी. नमस्कार.