ऋषीच्या भाजीतले कणीस

(ऋषिपंचमीच्या सायंकाळी मंडळाच्या मंडपात केलेले भाषण)



काल बाप्पाला मोदक झाले, आज घरोघरी ऋषीची भाजी झाली. अळू, माठ, भेंडी, पडवळ, सुरण, लाल भोपळा आणि मक्याच्या कणसाचे तुकडे. मसाला जवळपास नाहीच. ओले खोबरे, हिरवी मिरची, थोडी चिंच. कणीस आधी शिजत घालायचे, पाला शेवटी. जांबोटीहून चोर्ला घाट उतरून गोव्यात गेलात, तर चतुर्थीच्या खतखत्यातही हेच तुकडे सापडतात, वर तिरफळांचा वास.

ही भाजी ऋषींच्या काळापासून जशीच्या तशी आली, असे आपण कौतुकाने सांगतो. पण मका मूळचा मेक्सिकोचा. तिथल्या लोकांनी सुमारे ९००० वर्षांपूर्वी एका रानगवतापासून तो घडवला. आपल्याकडे तो पोर्तुगिजांमार्फत सोळाव्या शतकात आला, असे बहुतेक अभ्यासक मानतात. आपल्याच राज्यातल्या सोमनाथपूरच्या तेराव्या शतकातल्या होयसळ मंदिरात मूर्तींच्या हाती कणसे आहेत, असे काहींचे म्हणणे. ते मोत्यांनी मढवलेले मुक्ताफळ आहे, असे इतर म्हणतात आणि आम्हाला तेच पटते.

मग कश्यप, अत्री, वसिष्ठांच्या पंगतीत हा पाहुणा बसला कसा? व्रताचा नियम एवढाच, की आज बैलाच्या कष्टाचे खायचे नाही. परसात खुरप्याने टोकलेले कणीस त्या नियमात बसले. पिकाचे कूळ कोणी विचारले नाही. लाल भोपळाही असाच अमेरिकेतून आलेला! या व्रताच्या कथेत बायकांच्या विटाळाचा दोष सांगतात. ती कल्पना मागे पडते आहे, ते बरेच झाले. बैलाची आठवण मात्र राहावी, असे आम्हाला वाटते.

आता खरी अडचण सांगतो. नोकरीच्या निमित्ताने आम्ही शिवारातून फिरतो. मका खूप दिसतो, पण तो ट्रॅक्टरने पेरलेला, कोंबडीखाद्याला आणि स्टार्चच्या कारखान्याला जाणारा. ट्रॅक्टरचे चालते का, असे एका मावशींनी विचारले. शास्त्रात ट्रॅक्टर कुठून असणार! भाजीसाठी आपण बेळगावच्या बाजारातून स्वीट कॉर्न आणतो आणि सगळी भाजी गोडमिट्ट होते.

जुन्या गावठी मक्याची कणसे पाल्यासकट वेणीसारखी बांधून चुलीवर टांगत. धुराने बियाण्याला कीड लागत नसे. गॅस आला, धूर गेला, त्याबरोबर बहुतेक घरांतले बियाणेही गेले. कुणाच्या माळ्यावर अजून अशी वेणी असेल, तर मूठभर दाणे मंडळाकडे आणून द्या. आम्ही पुड्या करून वाटू. जूनच्या पहिल्या पावसात टोकले, की ऐंशी-नव्वद दिवसांत, चतुर्थीच्या सुमारास, कोवळे कणीस हाताशी येते. माकडांनी ठेवले तर!