ब्रोकन म्हणजे नक्की काय मोडलं?

‘ब्रोकन’ हा इंग्रजी शब्द हल्ली आपल्या कानावर फार येतो. बँकेत येतो, दुकानात येतो, शाळेतसुद्धा येतो. आज त्याच्याबद्दल बोलू या.

आपल्याकडे काच फुटते, दोरी तुटते, हाड मोडतं. इंग्रजीत तिन्हीला ब्रोकनच. त्यामुळे हा शब्द ऐकला की आधी विचारायचं, काय आणि कसं?

तांदळाच्या पोत्यावर ब्रोकन लिहिलं असेल तर ती कणी. स्वस्त पडते, पेजेला उत्तम. ‘मी ब्रोक आहे’ असं कॉलेजातली पोरं म्हणतात, त्याला आपण कडकी म्हणतो.

कर्जाच्या कागदावर ‘ब्रोकन पीरियड इंटरेस्ट’ दिसलं तर मात्र नीट बघा. आमच्या गटातल्या बायांना तो दंड वाटला होता. तो दंड नाही. समजा, 12 तारखेला एक लाख हातात आले आणि हप्त्याचा महिना 30 तारखेपासून धरला. मधल्या 18 दिवसांचं व्याज वेगळं लावतात. वर्षाला 12 टक्के दर असेल तर ते साधारण 592 रुपये होतं. दिवस बोटांवर मोजा आणि आकडा जास्त वाटला तर साहेबांना हिशेब मागा.

आपणही शब्द जपून वापरतो बरं का. बांगडी फुटली म्हणत नाही, वाढली म्हणतो. नारळ फोडत नाही, वाढवतो. पण नवरा गेला की त्याच बांगड्या बाईच्या हातावर फोडायच्या! कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड गावानं 2022 मध्ये ग्रामसभेत ठराव करून ही प्रथा बंद केली. मग सरकारनंही परिपत्रक काढून बाकीच्या गावांना हेरवाडचा कित्ता गिरवायला सांगितलं. तुमच्या ग्रामसभेत हा विषय निघाला का?

आता शाळेचं. आमच्या एका सदस्य ताईंच्या मुलीबद्दल पालकसभेत सगळ्यांसमोर सांगितलं गेलं, ‘ही ब्रोकन फॅमिलीतली आहे.’ पोरगी दोन दिवस शाळेत गेली नाही. बाप घर सोडून गेलाय, हे खरं. नवरा-बायकोचं मोडलं तर त्याला आपल्याकडे काडीमोड हा शब्द आहेच. पण त्या घरात काय मोडलंय? गटाचा हप्ता एकदाही चुकला नाही. दोन शेळ्यांच्या पाच झाल्या. पोरगी वेळेवर जेवते, अभ्यासाला बसते. आम्ही चौघी शाळेत गेलो आणि म्हटलं, लिहायचंच असेल तर ‘आई एकटी सांभाळते’ असं लिहा. मुख्याध्यापकांनी ऐकून घेतलं. नोंद बदलली की नाही, ते येत्या सोमवारी आम्ही पुन्हा जाऊन बघणार आहोत.